माणशी अर्धा एकर : पाणी पंचायतीचा धडा

दुष्काळात गावाला धान्य पुरवणे हे करुणेचेच काम आहे. परंतु पुढच्या दुष्काळात त्याच गावावर पुन्हा हात पसरण्याची वेळ येऊ नये, अशी व्यवस्था उभारणाऱ्या नेतृत्वाची करुणा अधिक काळ टिकते. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी रुजवलेली पाणी पंचायत हे अशा नेतृत्वाचे ठळक उदाहरण होय.

पुरंदरचा बराचसा भाग पर्जन्यछायेत, म्हणजे ढग सह्याद्रीवर बरसून गेल्यानंतर उरणाऱ्या तुटपुंज्या पावसाच्या पट्ट्यात मोडतो. पुण्यात अभियंता व उद्योजक असलेल्या साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड जमीन खंडाने घेतली आणि उतारावर बांध घालून, पाझर तलाव व विहीर यांच्या साहाय्याने पडीक माळही पिकू शकतो हे दाखवून दिले.

पाणी अडवल्यानंतर ते कोणाचे, हा प्रश्न मात्र तंत्राने सुटणारा नव्हता. जमिनीच्या प्रमाणात वाटप केले असते, तर मोठ्या खातेदारांचेच फावले असते; म्हणून पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून तो माणसाला देण्यात आला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर भिजेल एवढेच पाणी, भूमिहीनांनाही त्यात वाटा, अतोनात पाणी पिणाऱ्या उसाला बंदी, योजनेच्या खर्चाचा २० टक्के भार लाभार्थ्यांवर आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क समूहाकडेच, असे पाणी पंचायतीचे नियम होते. ठरलेल्या पाळीनुसार पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे असे.

या नियमांमुळे दुर्बलाचा वाटा कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही आणि उपशावर मर्यादा आल्याने पाणीही जपले गेले. स्वतःचे पैसे गुंतल्याने योजना सरकारची नसून आपली आहे, ही जाणीव लाभार्थ्यांमध्ये निर्माण झाली. राज्याच्या सिंचनव्यवस्थेत पाण्याचा हक्क पुढेही मुख्यतः लाभक्षेत्रातील जमिनीशीच जोडलेला राहिला, तथापि समन्यायी पाणीवाटपाच्या मागणीला नायगावच्या प्रयोगाने प्रत्यक्ष आधार मिळवून दिला. साळुंखे यांचे २००२ मध्ये निधन झाले. त्यांच्या कार्याचे मोल केवळ भिजलेल्या एकरांवर ठरत नाही, कारण ज्याच्या नावावर जमीनच नाही अशा माणसालाही त्यांनी पाण्याच्या हिशेबात हक्काचे स्थान दिले.