राखेचे वजन

राख म्हटले की आपल्याला चूल आठवते. भांडी घासायची राख, कपाळी लावायचा अंगारा, फुंकर मारली की उडून जाणारी. ज्वालामुखीतून बाहेर पडते तिलाही आपण राखच म्हणतो, पण ती काही जळून उरलेली नसते. शिलारसात कोंडलेले वायू एकदम सुटतात, त्या धक्क्याने रसाच्या चिंधड्या उडतात आणि हवेत थिजून त्यांची काच होते. काच, खनिजे आणि खडक यांचा हा चुरा दोन मिलिमीटरांहून बारीक असतो. तो पाण्यात विरघळत नाही आणि त्याच्या कडा धारदार असतात.

दिवाळीनंतर महिनाभराने, २३ नोव्हेंबर २०२५ रोजी, इथिओपियाच्या अफार प्रांतातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. मागच्या सुमारे १२,००० वर्षांत तो जागा झाल्याची नोंद नव्हती. राखेचा लोट १४ किलोमीटरांपर्यंत चढला, तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानवर गेला आणि दुसऱ्या रात्री गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र, दिल्लीच्या आकाशात पोचला. अकासा विमान कंपनीने जेद्दा, कुवेत, अबुधाबीची उड्डाणे रद्द केली. एअर इंडियाने त्या पट्ट्यावरून गेलेली विमाने तपासणीसाठी थांबवली. आपल्या श्वासाचे काय, ही शहरांतली भीती मात्र फारशी खरी ठरली नाही. राख फार उंचावरून वाहत होती आणि लवकरच चीनकडे सरकली.

एवढ्या उंचीवरच्या विरळ धुळीला विमाने का घाबरतात, याचे उत्तर मुंबईहून गेलेल्या एका विमानाने दिले आहे. जून १९८२ मध्ये लंडनहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे ‘७४७’ मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असे थांबे घेत ऑकलंडला चालले होते. २४ जूनच्या रात्री जावा बेटाजवळ, ३७,००० फुटांवर, पुढच्या काचेवर निळसर ठिणग्या नाचू लागल्या. केबिनमध्ये गंधकाचा वास आणि धूर. मग एकामागून एक चारही इंजिने बंद पडली. कप्तान एरिक मूडी यांनी प्रवाशांना ते शांतपणे सांगितले आणि आम्ही शर्थ करतो आहोत, एवढे आश्वासन दिले. विमानात अडीचशेहून अधिक माणसे होती. खाली काळोख, पुढे जावाचे डोंगर.

खाली गालुंगगुंग ज्वालामुखी धुमसत होता. त्याची राख सुमारे ११०० अंशांना वितळते आणि जेट इंजिनाच्या पोटातली आच त्याहून जास्त असते. वितळलेली काच आतल्या पात्यांवर जाऊन चिकटते, हवेची वाट बुजते, इंजिन गुदमरते. विमान तरंगत खाली येत राखेबाहेर पडले. बंद इंजिने थंड झाली, चिकटलेली काच ठिसूळ होऊन झडली आणि साडेतेरा हजार फुटांच्या आसपास पहिले इंजिन पुन्हा पेटले. मागोमाग बाकीचीही. पुढची काच राखेने इतकी घासली गेली होती की धावपट्टी धड दिसत नव्हती. तरीही विमान जकार्तात सुखरूप उतरले. वैमानिकांचा काही दोष नव्हता. विमानातले हवामान-रडार पाण्याचे थेंब टिपते, कोरडी राख त्याला दिसतच नाही.

आज राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रे जगभर आहेत. हायली गुब्बीच्या राखेचे इशारे फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राने दिले. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या एयाफ्यात्लायोकुत्लने युरोपचे आकाश सहा दिवस बंद पाडले, सुमारे १ लाख उड्डाणे रद्द झाली, केनियातली निर्यातीची फुले जागेवर कुजली. आकाश बंद करणाऱ्यांवर तेव्हा सडकून टीका झाली. मला तो निर्णय योग्य वाटतो. किती राख चालेल याचा आकडाच तेव्हा ठरलेला नव्हता. पुढे घनमीटरला २ मिलिग्रॅम अशी रेघ आखली गेली.

वर मिलिग्रॅमचा हिशेब, जमिनीवर टनांचा. छपरावर १० सेंटीमीटर राख साचून ओली झाली की चौरस मीटरला १०० किलोहून जास्त भार येतो. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो ऐन चक्रीवादळात फुटला. राखेवर पाऊस पडला आणि बहुतेक बळी घरांची छपरे कोसळून गेले. राखेला चिकटून येणारे फ्लोरिन तर त्याहून कपटी. १७८३ मध्ये आइसलंडच्या लाकीने गवत विषारी केले. ते खाऊन निम्म्याहून अधिक गुरे मेली आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशातली सुमारे एक पंचमांश माणसे गेली. गालुंगगुंगही एका रात्रीत निवला नाही. विमानाची गोष्ट जगभर सांगितली जात होती, तेव्हा पायथ्याचे हजारो लोक घरेदारे सोडून बाहेर पडले होते. तो उद्रेक नऊ महिने चालला.

अफारमध्ये माणसे दगावली नाहीत. पण तिथली वस्ती पशुपालकांची. गावे राखेने झाकली गेली आणि जनावरांना खायला फारसे काही उरले नाही, असे तिथल्या प्रशासनाने सांगितले. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र रद्द उड्डाणांची यादी होती. ती हवीच, प्रवाशाला तिची गरज असते. पण पुढच्या वेळी राखेने विमान रखडल्याची बातमी वाचाल, तेव्हा डोंगराखालच्या गावाचे नावही शोधा. या वेळचे नाव होते अफ्देरा.