बटणावरची गिटार आणि तारेवरची गिटार

वाचकहो, हल्ली बहुतेक घरांत एक गोष्ट पाहायला मिळते. अभ्यास आटोपला, की मूल मोबाइल घेऊन बसते. काचेवर वरून काळ्या पट्ट्या घसरत खाली येतात. पट्टी खाली आली, की तिच्यावर बोट टेकवायचे. वेळ साधली तर पियानोचा सूर निघतो. चुकली तर डाव संपला. चार-आठ दिवसांत मूल असे सराईत होते, की मोठ्यांनी बघत राहावे. मग आईला वाटते, पोराच्या बोटांत कला आहे. वडिलांना वाटते, पोर वेळ फुकट घालवते आहे. आणि आजोबा विचारतात, एवढी बोटे चालतात तर भजनात पेटीवर का बसत नाही?

तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे. पण किती, हे ठरवायचे तर हा खेळ नेमका काय शिकवतो हे समजून घेतले पाहिजे. आपल्या घरी हा प्रश्न आता आला असला, तरी जपान आणि अमेरिकेतल्या घरांत तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. तिथली हकीकत ऐकण्यासारखी आहे.

कांद्याच्या डोक्याचे गुरुजी

१९९६ साली जपानमध्ये ‘पाराप्पा द रॅपर’ नावाचा खेळ निघाला. टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन या यंत्रावर तो खेळायचा. त्याचा नायक एक कुत्र्याचे पिल्लू. कांदा पिकवणाऱ्या आपल्या मंडळींना गंमत वाटेल, पण या पिल्लाचे पहिले गुरुजी चक्क कांद्याच्या डोक्याचे! गुरुजी ज्या ठेक्यावर बोलतील त्याच ठेक्यावर बटणे दाबायची, एवढाच खेळ. पण मुलांना त्याची गोडी लागली. पुढे १९९९ साली जपानच्याच कोनामी कंपनीने ‘गिटार फ्रीक्स’ आणला. त्यात हातात घ्यायला गिटारीच्या आकाराचे यंत्र होते, त्यावर तीन बटणे आणि तार छेडल्यासारखी हलवायची एक पट्टी.

तिकडे अमेरिकेत ॲलेक्स रिगोपुलोस आणि एरान इगोझी या दोघा तरुणांनी १९९५ साली ‘हार्मोनिक्स’ नावाची कंपनी काढली. दोघेही एमआयटी या नामांकित संस्थेत शिकलेले. ज्याला वाद्य येत नाही त्यालाही वाजवण्याचा आनंद मिळावा, असा त्यांचा विचार. १९९८ साली त्यांनी ‘द ॲक्स’ आणला. त्यात जॉयस्टिकची दांडी फिरवावी आणि संगणकातून मनाला येईल तसे सूर काढावेत. पण त्याला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. काहीही केले तरी सूर बरोबरच येणार म्हटल्यावर मनुष्य त्यात किती वेळ रमणार? मग त्यांनी नियम घातले, गुण ठेवले, चूक-बरोबर ठरवले. अखेर नोव्हेंबर २००५ मध्ये रेडऑक्टेन या कंपनीबरोबर त्यांनी ‘गिटार हिरो’ बाजारात आणला आणि अमेरिकेतल्या घराघरांत प्लास्टिकची गिटार आली. २००७ साली निघालेल्या तिसऱ्या भागाने तर एक अब्ज डॉलरच्या वर विक्री केली.

आत काय चालते?

या गिटारीला तार नसते. मानेवर हिरवे, लाल, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे असतात. टीव्हीवर रस्त्यासारखा पट्टा दिसतो आणि त्यावरून रंगीत ठिपके आपल्याकडे येतात. ठिपका रेषेवर आला, की डाव्या हाताने त्या रंगाचे बटण धरायचे आणि त्याच क्षणी उजव्या हाताने पट्टी हलवायची.

आता खरी मेख पाहा. गाणे आधीच मुद्रित करून ठेवलेले असते. गिटार कोणा कसबी वादकाने केव्हाच वाजवलेली असते. तुम्ही वेळेवर बटण दाबले, तर यंत्र ती गिटार ऐकू देते. चुकलात, तर तेवढी गिटार बंद करून ‘खट्’ असा आवाज काढते. म्हणजे तुमचे बोट सूर तयार करत नाही, सुराचे दार उघडते. सोप्या पायरीवर तीनच बटणे लागतात. तिथे एकदा बटण दाबले, की वादकाने वाजवलेले चार-पाच सूर एकदम ऐकू येतात. बी एकाने पेरले, खुरपणी त्यानेच केली, आणि आपण फक्त खळ्याचे कुलूप उघडले, असा हा प्रकार.

खरी गिटार हातात घेतली, की चित्र पालटते. तिला सहा तारा. सतारीला असतात तसे मानेवर धातूचे आडवे पडदे, वीस-बावीस तरी. तार पडद्याच्या अगदी जवळ दाबली नाही, तर ती खरखरते. बोट शेजारच्या तारेला लागले, तर तीही मुकी होते. पहिले काही आठवडे बोटांची टोके हुळहुळतात, मग त्यांना घट्टे पडतात. खुरप्याने, विळ्याने हाताला घट्टे पडलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. शिवाय तारा रोज जुळवाव्या लागतात. कान तयार नसेल, तर बोट कितीही चपळ असून उपयोग नाही. खेळात चूक झाली तर यंत्र सांगते. वाद्यात ती आपल्याच कानाने पकडावी लागते, आणि हा कान घडायला वर्षे जातात.

जेवढे माप, तेवढे शिक्षण

पण वाचकहो, एवढ्यावरून खेळ टाकाऊ ठरवू नका. कोणताही खेळ ज्या गोष्टीचे माप घेतो तेवढी गोष्ट तो शिकवतो. जे तो मोजत नाही, ते तो शिकवू शकत नाही. ही एक खूणगाठ बांधली, म्हणजे आई, वडील आणि आजोबा यांचा वाद आपोआप मिटतो.

२००७ साली हार्मोनिक्सनेच काढलेल्या ‘रॉक बँड’ या खेळाचे उदाहरण घ्या. त्यात गिटारीबरोबर ढोल होते आणि गाण्यासाठी मायक्रोफोनही होता. सगळा संच १७० डॉलरला मिळे, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेसहा हजार रुपयांच्या वर. एकाच घरातली माणसे एकत्र बसून तो खेळत. त्यातली गिटार वर सांगितली तशीच, बटणांची. ती फक्त वेळ मोजते. म्हणून ती वेळ साधायला शिकवते, गिटार नव्हे.

ढोलाची गोष्ट निराळी. त्याला चार थाळ्या आणि पायाने दाबायची एक पट्टी होती. अवघड पायरीवर हातापायांना जवळजवळ तेच करावे लागे जे खऱ्या ढोलवाल्याला करावे लागते. उजवा हात एक चाल धरतो, डावा दुसरी, पाय तिसरी. हे ज्याला साधले, त्याचे हात खऱ्या ढोलावरही बऱ्यापैकी चालतात. मात्र थाप हलकी की जोरकस, नाद घुमणारा की बसका, हे तो खेळ शिकवत नसे. जपानमध्ये २००१ साली आलेला ‘ताइको नो तात्सुजिन’ हा ढोलाचा खेळही याच जातीचा. तांबडा ठिपका आला तर ढोलाच्या मध्यावर टिपरी, निळा आला तर कडेवर.

आणि गाणाऱ्याचे काय? ‘रॉक बँड’चा मायक्रोफोन गाणाऱ्याची पट्टी तपासत असे. सूर चढा लागला की उतरता, हे टीव्हीवर लगेच दिसे. तिथे आवाज गाणाऱ्याच्या स्वतःच्या गळ्यातून निघे, आधी मुद्रित केलेला नव्हे. म्हणून तिघांत खरे संगीत सर्वांत जास्त गाणाऱ्याच्या वाट्याला आले आणि सर्वांत कमी गिटारवाल्याच्या; मिरवली मात्र गिटारच!

खेळ करणाऱ्यांच्याही हे ध्यानात आले होते. २०१० साली ‘रॉक बँड ३’ आला, त्यात खऱ्यासारखी कळफळी जोडण्याची सोय केली आणि पुढे तारांची गिटारही जोडता येऊ लागली. २०११ साली युबिसॉफ्ट कंपनीने ‘रॉकस्मिथ’ काढला. त्यात तर खरी विजेची गिटारच यंत्राला जोडायची. पण तोवर लोकांची हौस ओसरली होती. दरवर्षी नवे भाग, नवी प्लास्टिकची वाद्ये. घरात ठेवायचे कुठे? फेब्रुवारी २०११ मध्ये ‘गिटार हिरो’चे काम थांबवण्यात आले. २०१५ साली तो पुन्हा आणून पाहिला, पण पहिली लाट काही परतली नाही. यंत्र जुने झाले, की त्याच्याबरोबरची गिटारही मुकी होते. आपल्या देवळातली पेटी मात्र आजोबांच्या वेळची असली तरी भाता नीट करून, सूर जुळवून घेतला, की नातवाला साथ देते.

जे यंत्र मोजत नाही

आता आपल्या गावच्या भजनाकडे या. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. भात्याचा दाब कमी-जास्त झाला, की सूर मवाळ किंवा करडा होतो. पखवाजवाला बसण्याआधी धुमाला कणीक लावतो. ती किती लावायची हे हाताला आणि कानाला कळते, पुस्तकात नसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बुवा. बुवांनी एखादा शब्द लांबवला, तर पखवाज त्यांना सांभाळून घेतो. शेवटी चाल वाढली, की टाळकरीही वाढतात. मोबाइलमधला खेळ कोणासाठी थांबत नाही आणि कोणाबरोबर वाढत नाही. त्याच्या पट्ट्या ठरल्याप्रमाणे येत राहतात. वाजवणे म्हणजे आधी दुसऱ्याचे ऐकणे, ही गोष्ट त्याच्या मापात बसतच नाही.

आपल्या शेतातच याचे उदाहरण आहे. पाभरीमागे चाड्यावर मूठ धरणारी बाई काय करते? मुठीतून दाणे एका लयीत सोडते. पण बैल अडखळले, की तिची मूठ आपोआप आवरते. ते चालू लागले, की पुन्हा सुटते. नुसती लय नव्हे, बैलांच्या चालीशी जुळलेली लय. पीक सारखे उगवते ते त्यामुळे. संगीतातही तेच आहे.

मग घरात काय करावे?

मुलाच्या हातातून मोबाइल हिसकावू नका. त्याला ताल आवडतो, हे तुम्हाला फुकटात कळले आहे, त्याचा फायदा घ्या. त्याला सांगा, “बाळा, तेच गाणे आता मोबाइलविना हाताने टाळ्या देऊन धरून दाखव.” गाणे संपेपर्यंत टाळी डळमळली नाही, तर समजा की खेळाने काही दिले आहे. डळमळली, तर डोळे शिकले, कान शिकलेला नाही. मूल चिडेल, पण त्यालाही फरक कळेल.

दुसरे असे, की सुरुवात महागड्या वाद्याने करू नका. टाळांची एक जोडी पुरेशी आहे. भजनाला मुलाला आणि मुलीलाही टाळकऱ्यांच्या रांगेत उभे करा. डाव चुकला म्हणून तिथे कोणी बाहेर काढत नाही. शेजारचा टाळकरी नजरेने सांभाळून घेतो. हे महिनाभर टिकले, तर मग पेटी किंवा पखवाज शिकवणाऱ्याकडे पाठवा. पुढे आवड वाढली, तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा आहेत. गाण्याबरोबर पेटी, तबला, पखवाज यांच्याही परीक्षा होतात. तालुक्याच्या गावच्या संगीत शिक्षकाकडे चौकशी करावी.

तिसरी गोष्ट मोठ्यांसाठी. खेळात मूल जिंकले, की मोबाइल लगेच वाहवा करतो, तारे उडवतो. पखवाजावर पहिले सहा महिने मूल ‘धा’ आणि ‘ता’ घोटत बसते, तेव्हा कोण वाहवा करतो? आपण म्हणतो, “डोकं उठलं, बंद कर ते!” मग मूल जिथे कौतुक होते तिथे गेले, तर दोष एकट्या मोबाइलचा कसा? त्याचा बेसूर रियाज सोसणे हा घरच्यांचा वाटा आहे. ज्या घरात तो सोसला जातो, त्याच घरातले पोर पुढे भजनात साथीला बसते.

गावोगाव पखवाजवाल्यांचे केस पिकत चालले आहेत. त्यांच्या शेजारची जागा कोणीतरी घ्यायची आहे. मोबाइलवर चालणारी बोटे त्या जागी बसू शकतील. मात्र त्यांना तिथवर हाताला धरून नेण्याचे काम मोबाइल करणार नाही, ते आपल्यालाच करावे लागेल. येत्या एकादशीला भजनाला जाल, तेव्हा एकटे जाऊ नका.