ऐकणारी यंत्रं – ९ : समोरच्या मावशींची संमती

साठवलेली रेकॉर्डिंग पुसायची कशी, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. लालबागच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न बाजूला ठेववत नाही. मुलाने घरात स्मार्ट स्पीकर आणला. नातवंडं गाणी लावून घेतात, ताईंना सकाळी आरत्या ऐकता येतात. पण संध्याकाळी दारात येऊन बसणाऱ्या समोरच्या मावशी हल्ली घरचं काही बोलायचं असलं, की आधी म्हणतात, "त्याला बंद कर गं." ताई विचारतात, मावशी उगाच घाबरतात का?

मुळीच नाही. मावशींना जे कळलंय, ते भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

यंत्राला जागं करणारी हाक ऐकू येईपर्यंतचा आवाज यंत्रातल्या यंत्रातच पुसला जातो, हे आपण मागच्या भागांत पाहिलं. घोळ होतो तो न मारलेल्या हाकेचा. टीव्हीवरचा एखादा शब्द हाकेसारखा वाटला, की पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. जुलै २०१९मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या वाहिनीच्या पत्रकारांनी गूगल असिस्टंटची हजारावर रेकॉर्डिंग ऐकली. त्यातल्या १५३मध्ये कुणी हाक मारलेलीच नव्हती. कंत्राटी माणसं ती ऐकून लिहून काढत होती. अशी तपासणी जेमतेम ०.२ टक्के रेकॉर्डिंगची होत होती, असा खुलासा गूगलने तेव्हा केला. पण आपलं बोलणं त्यात होतं की नाही, हे घरबसल्या कुणाला कळणार होतं?

हे झालं बेल्जियमचं. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. दार दिवसभर उघडं. तिथे यंत्राच्या कानावर पडणारा आवाज एकाच बिऱ्हाडाचा कसा असेल?

चाळीत गुपित राहतं कुठे, असं कुणी म्हणेल. गिरगावात वाढलेल्यांना पी.पी. नंबर आठवत असेल. अख्ख्या मजल्यात फोन एका घरी, आणि मुलीच्या स्थळापासून गावच्या आजारपणापर्यंत सगळं त्या घरच्यांच्या देखत ओरडून बोलायचं. ते ऐकत, आणि आपल्याला ते ठाऊक असे. तरी विश्वास होता, कारण ऐकणारा समोर दिसत होता आणि गोष्ट फुटलीच तर जाब विचारायला त्याचं दार दोन खोल्यांवर होतं. मावशींना या यंत्रामागचं दार सापडत नाही.

कायद्यातही सापडत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाही संमती हाच आहे. पण घरगुती, वैयक्तिक वापराला हा कायदा लागू नाही, म्हणजे ताई आणि त्यांचा मुलगा त्यातून सुटले. बंधन कंपनीवर, आणि कंपनीने परवानगी घेतली ती खातं उघडणाऱ्या मुलाची. मावशींचा आवाज गेलाच, तर तो मुलाच्या खात्यात पडून राहू शकतो. त्यांचं स्वतःचं खातंच नाही, मग ऐकायचं काय नि पुसायचं काय? कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत, पण पाहुण्याच्या आवाजाचा हा पेच त्यांनी सुटेल, असं मला वाटत नाही. तो घरातच सोडवावा लागेल.

म्हणून ताई, मावशींनी सांगायची वाट पाहू नका. स्पीकरवर माइक बंद करायचं बटण असतं. ते मावशींना दाखवा, दाबल्यावर कोणता दिवा लागतो तेही दाखवा, आणि त्या आल्या की त्यांच्या देखत दाबा. बाकीच्या वाचकांनाही विनंती आहे : घरात असं यंत्र असेल, तर येणाऱ्याजाणाऱ्याला ते आधी सांगा. पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग पुसायला बसू, तेव्हा ज्याच्या नावावर खातं आहे त्यालाही सोबत घ्या.