दहात तीन!

बेसबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पुढे झाप असलेली टोपी, एक गोल दांडकं आणि इंग्रजी पिक्चरमधला न कळलेला एखादा सीन. मग मराठी विभागात बेसबॉलच्या पुस्तकांवर लेख कशाला? कारण अगदी साधं आहे. या खेळात दहा प्रयत्नांत तीन वेळा यशस्वी होणारा बॅटर उत्तम समजला जातो. म्हणजे दहात सात वेळा आउट होणारा माणूस तिथे स्टार! निकालाच्या दिवशी केटी मोजत बसणाऱ्या आपल्याला याहून जवळचा खेळ कुठला सापडणार?

शिवाय हॉस्टेलमध्ये ‘जिंका, जिंका’ सांगणारी पुस्तकं या रूमवरून त्या रूमवर फिरतच असतात. ती वाचून दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी सबमिशन असतं! मी सांगतेय ती पुस्तकं वेगळी आहेत. दहातल्या त्या सातांचं काय करायचं, हा त्यांचा विषय आहे.

सुरुवात आपल्या, म्हणजे इंजिनीअर मंडळींच्या पुस्तकापासून. मायकेल लुइसचं ‘मनीबॉल’ (२००३). ब्रॅड पिटचा पिक्चर (२०११) बऱ्याच जणांनी पाहिला असेल, पण पुस्तकात खरी गंमत गणिताची आहे. २००२ साली ओकलंड ॲथलेटिक्स या टीमकडे खेळाडूंच्या पगारासाठी सुमारे चार कोटी डॉलर होते, आणि न्यूयॉर्क यँकीजकडे बारा कोटींहून जास्त. तरी त्या सीझनमध्ये दोघांनीही १०३ सामने जिंकले. कसं काय?

तर बेसबॉलमध्ये चार चेंडू नीट टप्प्यात पडले नाहीत आणि बॅटरने ते सोडून दिले, की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. त्याला ‘वॉक’ म्हणतात. पण बॅटिंग ॲव्हरेज काढताना हा वॉक धरतच नाहीत! ही आकडेमोड रुजवणारा हेन्री चॅडविक हा एकोणिसाव्या शतकातला पत्रकार मूळचा इंग्लंडचा, क्रिकेट बघून आलेला. त्याच्या मते वॉक ही पिचरची चूक, बॅटरचं त्यात कर्तृत्व काय? शंभरेक वर्षं सगळे तीच फूटपट्टी वापरत राहिले. ओकलंडचा जनरल मॅनेजर बिली बीनने वॉकसकट मोजणारा आकडा घेतला, तो म्हणजे ऑन-बेस पर्सेंटेज. जुन्या फूटपट्टीत न बसणारे, म्हणून स्वस्तात मिळणारे खेळाडू त्याने उचलले. यामागचा विचार बिल जेम्स नावाच्या माणसाचा. तो कॅन्ससमध्ये डबाबंद खाण्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता आणि ड्यूटीवर बसून बेसबॉलचे आकडे तपासायचा. १९७७ मध्ये त्याने स्वतःच ते छापून विकायला काढले.

आता पुढचा प्रश्न. चुकीचं मोजलं तर काय होतं ते कळलं, पण मोजलंच नाही तर? यासाठी रॉबर्ट पीटरसनचं ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ (१९७०) वाचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांच्या वेगळ्या निग्रो लीग्ज होत्या. जॉश गिब्सन हा तिथला जबरदस्त बॅटर. जानेवारी १९४७ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि ती भिंत फुटली. जेमतेम तीन महिन्यांचं अंतर! मे २०२४ मध्ये या लीग्जचे आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले गेले आणि गिब्सनचं .३७२ हे ॲव्हरेज टाय कॉबच्या .३६७ च्या वर गेलं. जाऊन ७७ वर्षं झाल्यावर माणूस पहिला आला!

रॉबिन्सनच्या त्याच टीमवर रॉजर कानचं ‘द बॉइज ऑफ समर’ (१९७२) आहे. तरुण रिपोर्टर म्हणून कानने हे खेळाडू पाहिले, आणि पुढे त्यांना शोधत गावोगाव फिरला. त्यातला कार्ल फुरिलो त्याला सापडला तो वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर लिफ्ट बसवताना. टाळ्या संपल्यावर माणूस कसा जगतो, हे यात फार हळुवारपणे आलंय.

आता कादंबऱ्या. डब्ल्यू. पी. किन्सेलाची ‘शूलेस जो’ (१९८२) माझी सगळ्यात लाडकी. आयोवातला एक कर्जबाजारी शेतकरी मक्याच्या शेतात बेसबॉलचं मैदान तयार करतो आणि तिथे कधीच वारलेला जो जॅक्सन खेळायला येतो! हा जॅक्सन खरा. १९१९ ची वर्ल्ड सिरीज पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून शिकागोच्या आठ खेळाडूंना, कोर्टात निर्दोष सुटूनही, कायमचं बाहेर काढलं, त्यांतला हा एक. (तो सगळा इतिहास एलियट असिनॉफच्या ‘एट मेन आउट’मध्ये आहे, १९६३.) २०२५ साली मे महिन्यात, मरणानंतर ही बंदी लागू राहणार नाही असं लीगने ठरवलं. कादंबरीने हे काम आधीच केलं होतं म्हणायचं! बर्नार्ड मॅलमडची ‘द नॅचरल’ (१९५२) मात्र पिक्चरआधी वाचा. दोघांचे शेवट अगदी उलटे आहेत, आणि माझ्या मते पुस्तकाचाच खरा.

शेवटचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलंय, पण त्यात बेसबॉल आहे हे लक्षातही नसेल. हेमिंग्वेचं ‘द ओल्ड मॅन अँड द सी’, म्हणजेच पुलंनी मराठीत आणलेलं ‘एका कोळियाने’. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे आधी इंग्रजी आणि मग आजोबांच्या कपाटातलं मराठी, असा उलटा प्रवास! समुद्रात एकटा पडलेला तो म्हातारा धीर यावा म्हणून कुणाला आठवतो? जो डिमॅजिओला. कारण टाचेचं हाड दुखत असूनही डिमॅजिओ खेळतो, आणि त्याचा बापही कोळीच होता. हरणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या जिंकण्यापेक्षा दुसऱ्याच्या सोसण्याचा आधार जास्त वाटतो, हे मला तिथे कळलं.

हे सगळं सांगण्यामागे अजून एक कारण आहे. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या एग्रीगेटची एक रेघ मारतात. आमच्या वर्गात जिच्याकडे सगळे बंद पडलेलं सर्किट घेऊन जातात, ती मुलगी त्या रेघेच्या जरा खाली आहे. तिला टेस्टलासुद्धा बसता आलं नाही. तिचा वॉक कुणी मोजलाच नाही! रेघ मारणाऱ्यांना मी ‘मनीबॉल’ देऊ शकत नाही. पण उद्या आपल्यातलेच काही जण टेबलाच्या त्या बाजूला बसतील. निदान त्यांनी तरी आत्ताच वाचून ठेवावं.

कुठून सुरुवात करू, असं विचाराल तर गणित आवडणाऱ्यांनी ‘मनीबॉल’, गोष्ट आवडणाऱ्यांनी ‘शूलेस जो’, आणि ज्यांची या सेमला विकेट गेली आहे त्यांनी सरळ ‘एका कोळियाने’.