ढाल पाठीवर, शस्त्र पायांपाशी

पावसाळ्यात धायरीतल्या एखाद्या गॅलरीत दिवा लागला की कधी कधी भिंतीवर एक हिरवा किडा येऊन बसतो. लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. ‘ढेकूण! चावेल!’ म्हणत कुणीतरी झाडू उचलतं. शेतकरी याला हिरवा ढेकण्या म्हणतात, आणि घोळ या नावापासूनच सुरू होतो. गादीतला ढेकूण त्याचा लांबचा नातेवाईक आहे खरा, पण त्याला रक्त लागतं आणि याला तुरीच्या शेंगेतला रस. तो खिडकीच्या काचेवर बसला असेल तर पलीकडून बघा: पोटाशी दुमडून ठेवलेली बारीक सोंड दिसेल.

दुसरा गैरसमज पाठीवरच्या त्रिकोणी ढालीचा. ही ढाल आहे म्हणून तो वाचतो, असं वाटणं साहजिक आहे. पण नीट पाहिलं तर ती पंखांच्या मुळाशी असते, सगळं अंग झाकत नाही. शिवाय त्याची पिल्लं बघा. काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके, त्यामुळे ती वेगळीच जात वाटते. त्यांना पंख नसतात आणि ढालही पुरती वाढलेली नसते. ढालच सर्वस्व असती, तर ती कशी जगली असती? जगतात ती वासावर. पिल्लांच्या गंधग्रंथी पोटाच्या वरच्या बाजूला उघडतात. पाच वेळा कात टाकून पंख फुटले की पाठ झाकली जाते. मग मोठ्या किड्याचा वास छातीखालून, पायांच्या मुळाशी असलेल्या छिद्रांतून येतो. त्या द्रवात अल्डिहाइड नावाची रसायनं असतात. त्यांतली काही कोथिंबिरीतही सापडतात, म्हणून काहींना हा वास ओळखीचा वाटतो.

मग पक्षी त्याला खातातच कसे, असं कुणी विचारेल. खातात, कारण वास म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे. शत्रू क्षणभर बिचकला की किड्याला उडायला किंवा खाली पडून गवतात दडायला वेळ मिळतो, एवढंच त्याचं काम. आणि अंड्यांत अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्यांपुढे ढाल आणि वास दोन्ही निरुपयोगी. हा वास विषारी असतो ही भीतीही फुकाची. द्रव डोळ्यात गेला तर मात्र झोंबतो. म्हणून त्याला चिमटीत धरू नका. त्याच्यापुढे कागद सरकवा, तो वर चढला की बाहेरच्या झुडपावर सोडा. चिरडला नाहीत, तर बहुधा वासही येणार नाही.