भुकेचा निरोप्या

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात सकाळी दहा-अकराला पेज होते. कारापूरच्या घरांतही. उकड्या तांदळाची, गरम, सोबत लोणच्याची फोड नाहीतर भाजलेला खारा बांगडा. घड्याळ न बघता पोटाला ती वेळ बरोबर कळते. कशी, याचा एक धागा १९९९ मध्ये जपानात सापडला. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी जठरातून रक्तात उतरणारं एक संप्रेरक शोधलं: घ्रेलिन. नेहमीच्या जेवणवेळेआधी ते चढतं, मेंदूला भुकेचा निरोप देतं आणि जेवण झालं की ओसरतं. हा निरोप्या राहतो मुख्यतः जठराच्या वरच्या, फुगीर भागात.

वजन घटवण्यासाठी 'स्लीव्ह' नावाची शस्त्रक्रिया करतात, तीत नेमका हाच भाग कापून काढतात. जठराचा पाऊण हिस्सा जातो आणि केळ्याएवढी नळी उरते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बायपासमध्ये, वर अंड्याएवढा कप्पा ठेवून लहान आतडं थेट त्याला जोडतात. बाजूला पडलेल्या मोठ्या जठराचे आणि पित्ताचे रस पुढे खाली येऊन मिळतात. सगळ्याचा आकार बेचकीसारखा होतो. तिळारीचा पाट पाहिलेल्या पेडणे-डिचोलीकरांना हे चित्र लगेच समजेल. नदी जागेवरच असते, पाणी तेवढं वळवलेलं असतं.

जठराच्या या पाटाची कल्पना आयोवाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांची, १९६६ ची. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग कापावा लागे ते रोगी नंतर काही केल्या अंग धरत नसत, हे शल्यविशारदांना ठाऊक होतं. मेसननी त्या खोडीचाच उपचार केला. आपल्याकडे २०११ मध्ये नितीन गडकरींनी अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि हा विषय मराठी घरांत बोलला जाऊ लागला. बोलणाऱ्या बहुतेकांचा समज एकच होता, आजही आहे: पिशवी लहान केली, आता जास्त मावणार नाही, म्हणून माणूस बारीक होतो.

मला या सगळ्या विषयातली सर्वांत गमतीची गोष्ट ही वाटते की हा समज अपुरा आहे. स्लीव्ह केलेल्या उंदरांना अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत काही दिवस मुद्दाम अर्धपोटी ठेवलं. मग अन्न मोकळं केलं. त्या चिमूटभर जठराच्या उंदरांनी नेहमीपेक्षा जास्त खाल्लं आणि शस्त्रक्रियेनंतरचं आपलं वजन गाठून थांबले. गाभण माद्यांनीही गरजेप्रमाणे खाणं वाढवलं. म्हणजे जागेची अडचण कधीच नव्हती. किती वजन 'आपलं' मानायचं, हा शरीराचा आतला अंदाजच बदलला होता. अन्न आतड्यात लवकर पोचलं की तिथून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं उसळून वर येतात. सध्या गाजणारी वजनाची इंजेक्शनं यांतल्या पहिल्याचीच नक्कल करतात. अमेरिकेतले शल्यविशारद वॉल्टर पोरिस यांनी १९९५ मध्ये बायपास झालेल्या १४६ मधुमेहींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या १२१ जणांची साखर नॉर्मल झाली होती, आणि पुष्कळांची तर वजन फारसं उतरण्याआधीच. निबंधाच्या मथळ्यातही पोरिसना आश्चर्य लपवता आलं नाही.

पण मग काही वर्षांनी वजन पुन्हा का चढतं?

स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो माणसांचा पाठपुरावा चालला आहे. तिथे बायपास झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली. शस्त्रक्रिया न केलेले त्याच काळात जवळजवळ जिथल्या तिथे राहिले. मला या आकड्यांत अपयश दिसत नाही. पहिल्या वर्षीचा काटा पाहुण्यासारखा असतो, दहाव्या वर्षीचा घरचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चार किलो परतले म्हणून स्वतःला दोष देत दवाखाना टाळणाऱ्यांना हे कोणीतरी आधीच सांगायला हवं.

जुनं वजन शरीर सहजासहजी सोडत नाही. अमेरिकेत वजन घटवण्याची टीव्ही-स्पर्धा गाजली होती. तिच्यातल्या १४ जणांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परतलं होतं. तरी त्यांचं शरीर त्या बांध्याच्या माणसाने जाळायला हव्यात त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. दुष्काळ बघितलेल्या म्हातारीने सुकाळातही कणगी जपावी, तसं. शस्त्रक्रिया या म्हातारीची समजूत काढते. तिला घराबाहेर घालवत नाही.

ती समजूत टिकते ती ताटात. आपल्याकडे ताटाच्या मधोमध शिताचा डोंगर आणि कडेला बाकीचं. लहान जठराला हा क्रम उलटा लागतो: आधी नुस्ते, मग शीत. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि स्नायू झडले की जळणं आणखी मंदावतं. बांगडा, अंडी, मूग, अळसांदे यांना पहिला मान. पेज सुरुवातीच्या दिवसांत जिवाला आधार देते खरी, पण ती बहुतेक पाणी आणि पिठूळपणा. तिच्यावर वर्षं काढता येत नाहीत. विठ्ठलापूरच्या चैत्रोत्सवात फेरीतलं खाजं बायपासवाल्याने मूठभर खाल्लं, तर साखर एकदम आतड्यात कोसळते, रक्तातलं पाणी तिच्यामागे धावतं आणि माणूस घामाघूम होऊन छातीची धडधड मोजत बसतो.

चैत्र म्हणजे हुर्राकाचा, काजूच्या दारूचाही हंगाम. इथे खरंच जपायला हवं. बायपासनंतर दारू जठरात न थांबता आतड्यात उतरते, रक्तात झपाट्याने आणि उंच चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्यांचं प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होतं. दुसऱ्या वर्षी ते ९.६ झालं. पहिल्या वर्षी वाढ नव्हती. संकट येतं ते सगळे निर्धास्त झाल्यावर.

अशीच उशिरा येणारी दुसरी गोष्ट, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, आपल्या माणसांना जास्त लागू आहे. पण आधी आपल्या शरीरांचा वेगळेपणा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! आपण बारीक दिसूनही आतून जाडे. त्यामुळे आशियाई माणसांसाठी शस्त्रक्रियेची वजनमर्यादाही खालीच धरतात. याज्ञिकांच्याच गटाने पुण्यातले आणि आसपासच्या खेड्यांतले मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं.

आता जोडून बघा. बी-१२ शोषायला जठरातून स्रवणारं एक प्रथिन लागतं. ते असल्याचं बोस्टनच्या विल्यम कॅसलनी १९२० च्या दशकाअखेरीस दाखवलं, तेही अंगावर काटा येईल अशा रीतीने: निरोगी माणसाच्या जठरात तासभर राहिलेलं मांस बाहेर काढून त्यांनी पांडुरोग्याला दिलं, आणि त्याचं रक्त वाढू लागलं. तेच प्रथिन करणाऱ्या पेशी शस्त्रक्रियेत कापल्या जातात किंवा बाजूला पडतात. कोठार आधीच अर्धं रिकामं, त्यात दारही अरुंद. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस पायांना मुंग्या येतात, नावं आठवेनाशी होतात. वर्षातून निदान एकदा रक्त तपासायला सांगतात ते यासाठी, दहाव्या वर्षीसुद्धा.

बी-१२ कोणतंही झाड करत नाही, कोणताही प्राणी करत नाही. फक्त सूक्ष्मजीव करतात. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असतो, आणि इंजेक्शनच्या काचेतलं औषध गर्द लाल दिसतं. डिचोलीतल्या खाणींच्या बाजूने पहिल्या पावसात वाहून येणारं पाणीही लालच असतं, पण ते लोखंडाने.