मीटरमध्ये मोजलेली मेमरी

छत्रपती संभाजीनगरची जुनी बाजारपेठ गुलमंडीभोवती वाढली, तर यंत्रोद्योग शहराबाहेर चिकलठाणा आणि वाळूज येथे विस्तारला. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचे उत्पादन सुरू झाल्यावर सुटे भाग करणाऱ्या लघुउद्योगांना मोठे गिऱ्हाईक मिळाले, आणि साचे व डाय घडवण्याबरोबरच तंत्रज्ञही घडवणारी इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था याच शहरात उभी राहिली. अशा ठिकाणी मशीनिंग सेंटर निवडताना टेबलाचा आकार आणि स्पिंडलचा वेग जितक्या बारकाईने पाहतात, तितक्याच बारकाईने कंट्रोलरची मेमरी, म्हणजे प्रोग्रॅम साठवण्याची जागा, पाहणे आवश्यक असते.

फानुक कंपनीच्या जुन्या कंट्रोलरांच्या माहितीपत्रकात ही क्षमता मीटरमध्ये दिलेली आढळते, कारण पूर्वी प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कागदी टेपवर असे आणि तिच्या एका इंचात 10, म्हणजे एका मीटरमध्ये सुमारे 400 अक्षरे मावत. त्यामुळे 80 मीटर म्हणजे साधारण 32 किलोबाइट. ड्रिलिंग, टॅपिंग आणि सरळ मिलिंग करणाऱ्या जॉबवर्कच्या शॉपला एवढी जागा बहुधा पुरते, कारण जी81 सारखे तयार चक्र आणि वारंवार लागणारा भाग एकदाच लिहून एम98 ने बोलावता येणारा उपप्रोग्रॅम यांमुळे प्रोग्रॅम आटोपशीर राहतो. साच्याचा वक्र पृष्ठभाग मात्र कॅम सॉफ्टवेअर असंख्य छोट्या सरळ रेषांत तोडते. एका ओळीत 22 अक्षरे धरली, तर एक लाख ओळींच्या प्रोग्रॅमला साडेपाच किलोमीटर टेप लागेल.

जागा अपुरी पडली की संगणकातून केबलने थोडा थोडा प्रोग्रॅम पुरवत मशीन चालवण्याची, ड्रिप फीड नावाची पद्धत वापरली जाते, पण तिची मर्यादा वेगात आहे. 9600 बॉडच्या आरएस-232 जोडणीतून, एका अक्षरामागे 11 बिट धरता, सेकंदाला सुमारे 870 अक्षरे, म्हणजे 40 ओळी पोहोचतात. प्रत्येक ओळीत टूल 0.1 मिलिमीटर सरकत असेल, तर फीड, म्हणजे टूल सरकण्याचा वेग, मिनिटाला 240 मिलिमीटरच्या पुढे जात नाही. त्याहून अधिक फीड दिल्यास टूल पुढच्या ओळीची वाट पाहत थबकते आणि साच्यावर खुणा उमटतात. शिवाय एकदा वाचलेली ओळ पुन्हा हाताशी नसल्याने मागे उडी घेणारी मॅक्रो आज्ञा या पद्धतीत चालत नाही. म्हणून साचेकामासाठी मेमरी कार्ड किंवा नेटवर्कने जोडलेला डेटा सर्व्हर श्रेयस्कर ठरतो. तरीही कार्डावरून थेट मशीनिंग करण्याची सोय त्या कंट्रोलरमध्ये आहे की कार्ड केवळ फाइल उतरवून घेण्यापुरते आहे, याची खात्री खरेदीपूर्वीच करावी लागते.

मेमरी लहान असो वा मोठी, ती जपणेही तितकेच महत्त्वाचे असते. फानुकसारख्या कंट्रोलरांत प्रोग्रॅम, पॅरामीटर आणि ऑफसेट बॅटरीच्या आधाराने टिकतात. बॅटरी क्षीण झाल्याची सूचना दिसताच कंट्रोलर चालू ठेवूनच ती बदलावी लागते, अन्यथा सारा संचय पुसला जाण्याचा धोका असतो. प्रोग्रॅम आणि पॅरामीटर यांची प्रत मशीनबाहेर जपून ठेवणे हा त्यावरचा भरवशाचा उपाय होय. कोणत्याही शॉपने आपला सर्वांत मोठा प्रोग्रॅम आणि त्याला हवा असलेला फीड हे दोन आकडे आधी मांडले, तर किती मेमरी आणि कोणती जोडणी घ्यावी, हे विक्रेत्याच्या शिफारशीवाचूनही ठरवता येते.